त्या मुलाचा प्रश्न अजून वर्गातच उभा आहे

खारघरच्या एका प्राध्यापिकेचं पत्र आहे. नाव छापू नका म्हणाल्यात. वय ४२, नवी मुंबईतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रिकल विभागात १६ वर्षं. तीन वर्षांपूर्वी पीएचडी झाली. विषय सौर पॅनेल, बॅटरी आणि ग्रिड (विजेचं सार्वजनिक जाळं) यांचा मेळ घालून वीज कशी वाटायची, हा. त्या लिहितात:

"माझे सगळे रिसर्च पेपर संगणकावरच्या सिम्युलेशनवर आहेत. त्यातला लोड, म्हणजे विजेचा वापर, परदेशातल्या एका घराचा आणि ऊनही तिकडचंच. आमच्या कॉलेजच्या गच्चीवर २५ किलोवॅटचं सोलार आहे, पण गच्चीची किल्ली मेंटेनन्सकडे असते आणि मी मुलांना वर्षातून एकदा फोटोपुरतं वर नेते. आठवड्याला १६-१७ तास शिकवणं, उरलेला वेळ सीओ-पीओ मॅपिंग (कोणत्या विषयातून कोणतं उद्दिष्ट साधलं याचे तक्ते) आणि फायली. बढतीसाठी पेपर हवेत. एक सहकारी म्हणाले, पैसे भरून छापून घ्या, सगळे तेच करतात. म्हाप्याच्या एका कंपनीकडून विचारणा आली आहे, पगार दीडपट. मिस्टर म्हणतात, जा. मुलगी नववीत आहे. गेल्या महिन्यात भर दुपारी वीज गेली. एका मुलानं विचारलं, 'मॅडम, बाहेर एवढं ऊन आहे, वर आपलं सोलार आहे, मग पंखे का बंद?' मी म्हटलं, ते ग्रिडला जोडलेलं आहे म्हणून, आणि पुढचा टॉपिक घेतला. सिलॅबस राहिला होता. तो थोडा वेळ उभाच होता. मी धड संशोधक नाही आणि धड शिक्षिकाही नाही, असं वाटतं. काय करू?"

मॅडम, कंपनीचं शेवटी बोलू. आधी त्या मुलाचं. तो प्रसंग तुम्ही चार ओळींत उरकलात, पण मला तो रात्रभर पुरला.

तुमचं उत्तर चूक नव्हतं. पण ते दार लावून घेणारं उत्तर होतं. मी ठाण्यात ३१ वर्षं इलेक्ट्रिकल मशीन्स आणि पॉवर सिस्टिम शिकवलं, आणि अशी दारं मीही लावली आहेत. ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो तो आवाज किती हर्ट्झचा, असं एका मुलीनं विचारलं होतं. मी म्हटलं, हे परीक्षेला येत नाही. वीज ५० हर्ट्झची, पण आवाज १०० हर्ट्झचा, कारण एका आवर्तनात गाभ्याचं लोखंड दोनदा ताणलं जातं. सांगायला दोन मिनिटं लागली असती. त्या मुलीनं वर्षभर पुन्हा काही विचारलं नाही, आणि ते माझ्या मनात अजून सलतं.

आता तुमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नात काय काय दडलंय ते बघू. तुम्हाला हे सगळं माहीत आहे, तरी मी लिहिते, कारण एकदा सगळं एकत्र मांडलेलं तुम्हालाच बघायचं आहे. गच्चीवरचा साधा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची डीसी वीज पंख्यांना चालणारी एसी करणारा डबा, स्वतःचं व्होल्टेज उभं करत नाही. तो ग्रिडचं बोट धरून चालतो. ग्रिडची लय आली की तिच्यात आपला करंट मिसळतो, लय थांबली की २ सेकंदांच्या आत त्याला थांबावंच लागतं. कारण रस्त्यावर महावितरणचा वायरमन खांबावर चढलेला असतो आणि त्याच्या हिशेबानं लाइन बंद असते. त्या वेळी आपल्या गच्चीवरून वीज उलटी गेली, तर डीपीतल्या ट्रान्सफॉर्मरमधून ती ११ हजार व्होल्टच्या बाजूला जिवंत होईल. म्हणजे तुमच्या वर्गातले पंखे बंद पडले ते एका माणसाचा जीव राखण्यासाठी. हे त्या मुलाला कळलं असतं, तर तो घरी जाऊन आईला सांगितल्याशिवाय राहिला नसता.

आणि हे फळ्यावर सांगण्याऐवजी दाखवा. इलेक्ट्रिशियनला बरोबर घ्या, इन्व्हर्टरसमोर दहा-बारा मुलं उभी करा आणि एसी बाजूचा ब्रेकर त्याला पाडायला सांगा. डिस्प्लेवरचा आकडा शून्यावर येतो, लाल दिवा लागतो. किती वेळात, हे मुलांना मोबाईलवर चित्रित करू द्या, कारण डोळ्यांना ते सापडत नाही. मग ब्रेकर पुन्हा वर करा. इथे खरी गंमत आहे. इन्व्हर्टर लगेच जोडून घेत नाही. तो ग्रिडकडे काही वेळ नुसता बघत राहतो, व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी (म्हणजे ती लय) ठिकाणावर आहे का ते तपासतो, आणि मगच हळूहळू चढतो. मुलांना विचारा, तो का थांबला असेल? उत्तर सांगायची घाई करू नका. त्या शांततेत जे घडतं त्याला मी शिकवणं म्हणते.

१२ ऑक्टोबर २०२० तुम्हाला आठवत असेल. सोमवार होता, सकाळी दहाच्या सुमाराची वेळ. कळवा-पडघा ४०० केव्हीच्या वाहिनीवर बिघाड झाला आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. करोनाचे दिवस, लेक्चर्स ऑनलाइन, तीही तुटली. त्या दिवशीही ऊन होतं, आणि हजारो गच्च्यांवरची ग्रिडला जोडलेली पॅनेलं त्या उन्हात नुसती तापत पडली होती. तुमचा तो विद्यार्थी तेव्हा शाळेत असेल, पण वीज गेल्याचं त्यालाही आठवत असणार. कळव्याचं सबस्टेशन तुमच्या कॉलेजपासून तासाभराच्या अंतरावर आहे. परदेशातल्या ग्रिडची उदाहरणं पुस्तकात असू देत, पण धडा कळव्यापासून सुरू करा.

आता संशोधनाकडे येते. दुसऱ्याचं बोट न धरता स्वतः लय उभी करणारे इन्व्हर्टर कसे चालवायचे, आणि असे अनेक एकत्र आले की ते एकमेकांशी कसे जुळवून घेतील, यावर आज जगभर काम चाललं आहे. औष्णिक केंद्रातल्या जनित्राचा जड रोटर फिरत असतो, त्यामुळे फ्रिक्वेन्सी ढळली तरी ग्रिडला सावरायला थोडा वेळ मिळतो. सोलारमध्ये फिरणारं काहीच नाही. जसजसं सोलार वाढेल तसतसा तो आधार कमी होणार. म्हणजे मुलानं घामेजल्या वर्गात जे विचारलं, तोच प्रश्न तुमच्या क्षेत्रात मोठमोठ्या प्रयोगशाळा विचारताहेत. तुम्ही शिकवणं आणि संशोधन अशी दोन खाती उघडून बसला आहात आणि दोन्हींत शिल्लक नाही म्हणून रडताय. तुमचं खातं एकच आहे, मॅडम.

तुमच्या पीएचडीचंही तसंच. बॅटरीतली मोजकी वीज कुणाला आधी द्यायची, हे ठरवणारी पद्धत तुम्ही बांधली. चांगलं काम आहे, कागदावर पूर्ण आहे. पण त्यातला लोड परदेशी घराचा. तुमच्या कॉलेजात सकाळी टाकीचा पंप सुरू होतो, लिफ्ट आहे, वर्कशॉप आहे, कँटीनचा मोठा फ्रिज आहे. इंडक्शन मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. तुमच्या सिम्युलेशनमध्ये जी बॅटरी रात्रभर पुरते, ती इथे पंप सुरू होताच इन्व्हर्टर ट्रिप होऊन अर्ध्या सेकंदात निरुपयोगी ठरू शकते. हा दोष तुमच्या गणिताचा नाही, माहिती उसनी घेतल्याचा आहे. तुमचा पुढचा पेपर त्या पंपाच्या नोंदीतून निघायला हवा.

ऊनही तसंच उसनं नको. पॅनेलवर छापलेले वॅट हे पेशींचं तापमान २५ अंश असतानाचे असतात. एप्रिलच्या दुपारी एखाद्या मुलाला पॅनेलच्या मागच्या बाजूला तापमापी चिकटवायला सांगा, ६५ अंशांच्या आसपास आकडा येईल. दर अंशाला साधारण ०.३५ टक्के घट धरली तर ४० अंशांना १४ टक्के, म्हणजे ५४० वॅटचं पॅनेल ४६५च्या आसपास देतं. सगळ्यात तापलेला दिवस हा सगळ्यात जास्त विजेचा दिवस नसतो, हे मुलांना स्वतःच्या आकड्यांतून सापडलं की ती हे कधी विसरत नाहीत. जुलैत उलट मजा. ढग फाटताना त्याच्या कडेवरून ऊन असं विखुरतं की क्षणभर निरभ्र दिवसापेक्षाही जास्त मिळतं, आणि पुढच्या मिनिटाला काळोख. नवी मुंबईच्या पावसाळ्यात तुमची वाटपाची पद्धत या उड्या झेलते का? हे कुणी तपासून दिलं तर मी तो पेपर पहिल्या दिवशी वाचेन.

उपकरणं महाग असतात, असं तुम्ही म्हणाल आणि ते खरं आहे. पण ऊन मोजायला सुरुवात लहानशा पॅनेलनं होते. १० वॅटचं पॅनेल मोठ्या पॅनेलच्याच कोनात बसवा, दोन्ही टोकं एका छोट्या शंट रोधातून (करंट मोजायच्या रोधातून) जोडा आणि करंट नोंदवा. असा वाहणारा शॉर्ट सर्किट करंट उन्हाच्या प्रमाणात चालतो. एखाद्या दिवशी कुणाकडून तरी चांगला पायरॅनोमीटर (ऊन मोजायचं यंत्र) मागून आणा, दोन्ही शेजारी ठेवा आणि मापं जुळवून घ्या. एवढ्यावर वर्षभराचं काम होतं. तापमानासाठी काही सेन्सर, नोंदीसाठी एक मायक्रोकंट्रोलर (छोटा प्रोग्रॅम चालवणारी चिप), जो तुमच्या मुलांच्या दप्तरात आत्ताही असेल.

आणि धूळ! यावर जरा रेंगाळते, कारण मला हा विषय फार आवडतो आणि आपल्याकडे तो कुणी पुरेसा हाताळलेला नाही. तुमच्या आजूबाजूला बांधकामं आहेत, खाणींची धूळ आहे, तळोज्याची एमआयडीसी आहे, खाडीचा खारा दमट वारा आहे आणि कबुतरं आहेत. इन्व्हर्टरला दोन एमपीपीटी (पॅनेलच्या रांगेतून जास्तीत जास्त वीज काढणारे स्वतंत्र विभाग) असतील तर पॅनेलांच्या दोन सारख्या रांगा निवडा. एक दर आठवड्याला धुवा, दुसरी ऑक्टोबरपासून मेपर्यंत हात न लावता ठेवा. रोजचा फरक लिहा. किती दिवसांनी धुतलं तर पाण्याचं आणि मजुरीचं वसूल होतं, हा आकडा खारघर, नेरुळ, ऐरोलीच्या शेकडो सोसायट्यांना हवा आहे. पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली, ३ किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान मिळतं, त्यामुळे आता घराघरांत पॅनेलं चढली आहेत. धुवायचं कधी आणि कशानं, हे मात्र जो तो अंदाजानं ठरवतो. आयआयटी मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर फोटोव्होल्टाइक रिसर्च अँड एज्युकेशननं देशभर पॅनेलांची पाहणी केली, तेव्हा उष्ण प्रदेशातली पॅनेलं जास्त झपाट्यानं उतरत असल्याचं दिसलं, आणि गच्चीवरचे लहान संच मोठ्या प्रकल्पांपेक्षा जास्त. तुमची गच्ची नेमकी त्यातली आहे. पवईला जा, त्यांना भेटा, तुमच्या नोंदी दाखवा.

सोळा तास शिकवून हे करायचं कधी? बीई प्रोजेक्टमधून. आपल्याकडे दर वर्षी नव्या गटाला नवा विषय देतात, जूनमध्ये सुरुवात, एप्रिलमध्ये ब्लॅक बुक (प्रोजेक्टचा बांधीव अहवाल), मग ते कपाटात. हे बंद करा. तुमचा एकच संच, एकच रजिस्टर. नव्या गटाचं पहिलं काम गेल्या वर्षीच्या नोंदी तपासून त्यातल्या चुका काढणं. तिसऱ्या वर्षी तुमच्या हातात तीन पावसाळे असतील, आणि तेवढे आकडे असतील तर परीक्षकांना पेपरची उगाच उलटतपासणी करता येत नाही. ज्यांना आयटीतच जायचं आहे त्यांनाही यात घ्या, नोंदी साफ करायला चांगला कोड लागतोच.

इथे एक सांगते. मी नोकरीत असताना लहान पवनचक्कीवर मुलांसोबत तीन वर्षं नोंदी ठेवल्या होत्या. लॅब दुसऱ्या मजल्यावर हलवली तेव्हा ती रजिस्टरं रद्दीत गेली. कुणी मुद्दाम केलं नाही, पण कुणी विचारलंही नाही. त्या नोंदींची दुसरी प्रत माझ्याकडे नव्हती. तुम्ही तीन ठिकाणी ठेवा, त्यातलं एक घरी.

पैसे भरून पेपर छापण्याचं सुचवणाऱ्या सहकाऱ्याला नकार द्या, आणि त्यावर पुन्हा विचारही करू नका. सगळे करतात, हे खरंही असेल. पण तुम्ही उद्या मुलाला रीडिंग कॉपी केल्याबद्दल टर्मवर्क पुन्हा लिहायला सांगाल, तेव्हा तुमचा आवाज कापेल. बढती एक-दोन वर्षं उशिरा मिळेल. त्याचं दुःख खरं आहे, मी त्याला कमी लेखत नाही. माझीही उशिरा झाली होती आणि त्या वर्षी घरात हप्त्यांची ओढाताण होती.

प्राचार्यांना लेखी अर्ज द्या, आणि त्यात पैसे मागू नका. चार गोष्टी मागा: गच्चीची किल्ली, इन्व्हर्टरच्या नोंदींचा पासवर्ड (तो बहुधा बसवून देणाऱ्याकडेच पडून असतो), दोन वर्षांची वीज बिलं आणि इलेक्ट्रिशियनचे महिन्यातले चार तास. कॉलेजच्या बिलात काय वाचतंय हे तुम्ही दर तिमाहीला एका पानावर देणार, असंही लिहा. नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फायलीला ते पान लागतंच, म्हणून अर्ज मंजूर होण्याची शक्यता चांगली आहे.

एकदा मुलांना शहापूरला न्या. परवानगी आधी काढावी लागेल. घाटघरचा उदंचन प्रकल्प तिथे आहे, २५० मेगावॅटचा. वरचं धरण अकोले तालुक्यात, खालचं आपल्या ठाणे जिल्ह्यात, वीजगृह डोंगराच्या पोटात. वीज जास्त असते तेव्हा खालचं पाणी वर चढवतात, संध्याकाळी मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज घेतात. बॅटरी म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर मोबाईल येतो. सह्याद्रीचा कडा ही बॅटरी असू शकते, हे त्यांनी त्या कड्याखाली उभं राहून बघावं. सूर्य मावळल्यावर सोलारचं काय, हा प्रश्न मग तुम्हाला शिकवावा लागत नाही, परतीच्या बसमध्ये तीच विचारतात.

आता कंपनी. घरात पैशाची खरोखर नड असेल, कर्ज असेल, कुणाचं आजारपण असेल, तर जा, आणि अपराधी वाटून घेऊ नका. पण पत्रात नड कुठे दिसली नाही, थकवा दिसला. थकव्यानं घेतलेली नोकरी लवकरच तसाच थकवा देते. तिथे तुम्ही उत्तम काम कराल याबद्दल शंका नाही, फक्त तिथल्या नोंदी कंपनीच्या, त्यावर पेपर लिहायला परवानगी लागेल, आणि घामेजून प्रश्न विचारणारा मुलगा तिथे नसेल. माझं मत, आत्ता जाऊ नका. मिस्टरांना सांगा की एक कोरडा हंगाम आणि एक पावसाळा मागते, ऑक्टोबर ते पुढचा सप्टेंबर. आकडे घेऊन बसा: दीडपट पगारातून प्रवास आणि कर वजा करून महिन्याला हातात किती जास्त येतात, आणि मुलीच्या दहावीच्या वर्षात तुम्ही संध्याकाळी किती वाजता घरी पोचाल. ते समंजस दिसतात, ऐकतील. कंपनीला नकार कळवताना दार बंद करू नका. तुमच्या दोन मुलांना उन्हाळ्यात इंटर्नशिप द्याल का, हे त्याच मेलमध्ये विचारा.

त्या मुलाला मात्र ऑक्टोबरपर्यंत थांबवू नका. पुढच्या लेक्चरला पहिली दहा मिनिटं त्याला द्या. सरळ म्हणा, तू त्या दिवशी विचारलंस त्याचं उत्तर मी अर्धंच दिलं होतं. नाव घेऊन म्हणा. मग त्याला आणि आणखी तिघांना दुपारी साडेतीनला गच्चीवर न्या आणि टाकीची सावली कोणत्या पॅनेलवर कुठपर्यंत येते ते खडूनं कठड्यावर आखून घ्या, वेळ लिहून. सावलीनं पॅनेलचा एक कोपरा झाकला तरी बायपास डायोडमुळे (झाकलेल्या भागाला वळसा घालून करंट नेणाऱ्या डायोडमुळे) त्याचा तिसरा हिस्सा कसा गळतो, ते तिथेच सांगता येईल.

वर जाताना एवढं पाळा. पॅनेलांच्या रांगेत कित्येकशे व्होल्ट डीसी असतात आणि ऊन आहे तोवर ते बंद करता येत नाहीत. कनेक्टर चालू स्थितीत कुणीही ओढायचा नाही, ठिणगी तुटत नाही आणि हात भाजतो. मुलांच्या पायात बूट हवेत, चपला नकोत. गच्चीच्या कडेला कठडा कमी उंचीचा असेल तर तिकडे कुणालाही उभं करू नका, आणि खाली उतरल्यावर डोकी मोजा.